समोरचे दात जसे आहेत तसे

आमचे हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत, ते आधीच सांगून टाकते, कारण आमच्या लग्नात माझ्या माहेरच्या निम्म्या लोकांचा तोच समज झाला होता आणि दोन काकांनी जेवता जेवता यांच्यासमोर आ वासला होता. डॉक्टर दात काढतात, तोंडाचा ठसा घेतात आणि तो डब्यात घालून आमच्याकडे पाठवतात. त्या ठशात आम्ही प्लास्टर ओतून जबडा तयार करतो, त्यावर मेणात दात बसवतो, मग मेण उकळून काढतो, त्या जागी गुलाबी हिरडी भरतो, गरम पाण्यात शिजवतो, घासतो, चकाकी आणतो. आता ‘आम्ही’ म्हणजे काय, तर दात बसवणारे हे, आणि उकळणं, घासणं, धुणं, आवरणं, डॉक्टरांचे फोन घेणं आणि डोकं पिकवून घेणं, हे सगळं मी.

घराच्या मागच्या खोलीत हा कारभार चालतो. खिडकीशी यांचं टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि चिमटे. दुसऱ्या भिंतीला माझं घासायचं मशीन आणि उकळत्या पाण्याचं पातेलं. मध्ये फळ्यांवर रांगेनं जबडे. वर एक लाकडी क्रूस. मी तो दर शनिवारी पुसते आणि सोमवारी दुपारपर्यंत तो प्लास्टरच्या धुळीनं पुन्हा पांढराफटक झालेला असतो.

या धंद्यात एक गंमत आहे. आम्हाला माणूस कधी दिसतच नाही. जबडा दिसतो आणि सोबत चिठ्ठी येते. नंबर, वय, बाई की पुरुष, दातांचा रंग. संपलं. बाजारात माझ्या शेजारी उभं राहून आमचेच दात भाजीचा भाव करत असतील, पण मला काय कळणार?

पहिली काही वर्षं हे भयंकर चिडके होते. दिवसभर मेल्यासारखी उघडी तोंडं बघून वीट आलाय म्हणायचे. एकदा असाच एक जबडा आला, खूप झिजलेला. हे त्याला हसले, घाईघाईनं कवळी उरकली आणि पाठवून दिली. आठवडाभरानं सासरे आमच्याकडे जेवायला आले. पहिला घास तोंडात घातला आणि यांचा चेहरा उतरला. ते आपणच केलेले दात आहेत हे यांनी ओळखलं. सासऱ्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं की कवळ्या करणारा माझा मुलगा आहे. दात टोचत होते, हिरडीला लागत होते आणि म्हातारा मुकाट्यानं खात होता. “छान झालेत,” म्हणाले. यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून यांची ती पद्धत सुरू झाली. जबडा आला की हात स्वच्छ धुवायचे, तो एका तळहातावर घ्यायचा, दुसरा तळवा वर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. प्रार्थना. कोणासाठी? नंबर तीनशे सदुसष्टसाठी! बरं, एक ओळ पुटपुटून मोकळे होतील तर शपथ. आत निवांत वाटेपर्यंत थांबायचं. “शांती मिळाली की हात आपोआप चालतो गं,” म्हणतात. कधी दोन मिनिटांत मिळते, कधी अर्धा अर्धा तास पत्ता नाही. इकडे फोन कोकलतोय, पातेल्यातलं पाणी आटतंय.

“प्रभूला म्हणावं, डॉक्टरांना चारपर्यंत हवंय,” मी म्हणायची.

हे नुसते हसायचे.

मी काही बाहेरची नाही, मीही ख्रिस्तीच. रविवारी उपासनेला जाते, गाणी खड्या आवाजात म्हणते, पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की घड्याळ बघते. पण ती शांती का काय म्हणतात ती मला कधी मिळाली नाही, खोटं कशाला सांगू. पंचवीस वर्षं त्या माणसाच्या पाठीला पाठ लावून दात घासतेय, आणि तो प्लास्टरच्या गोळ्यातून जे काय मिळवतो ते मला अख्ख्या चर्चमध्ये सापडत नाही. मला त्याचा रागही यायचा. हेवाच म्हणा ना.

तर, नंबर चारशे बारा. बाई, वय एकाहत्तर, वरचे सगळे दात. दात काढण्याआधीचा एक जबडाही डॉक्टरांनी मुद्दाम पाठवला होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, “समोरचे दात जसे आहेत तसे ठेवावेत.” समोरचा डावा दात शेजारच्यावर चढलेला होता, चांगलाच वाकडा.

“अहो, जसे आहेत तसे म्हटलंय,” मी म्हटलं.

“डॉक्टरांनी घाईत लिहिलं असेल. बघ तरी. ही बाई आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसली असेल.”

मग प्रार्थना. त्या दिवशी चांगला पाऊण तास. उठले तेव्हा डोळे ओले होते. “फार शांती मिळाली,” म्हणाले, आणि एका ओळीत सरळसोट दात बसवले. मी परत चिठ्ठी दाखवली नाही. खरं सांगायचं तर मलाही ते आवडले. मी जास्तीचा वेळ घेऊन चकाकी आणली.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, एक म्हाताऱ्या बाई दारात उभ्या. दवाखान्यातल्या मुलीच्या खनपटीला बसून त्यांनी आमचा पत्ता काढला होता. रुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवली, सोडली. आत चारशे बारा.

“हे दात कोणी केले?”

हे ताडकन उठले. अहो, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माणूस आपले दात घेऊन आला होता! यांचा चेहरा असा काही फुलला की मला नंतर तो आठवून रडू आलं. आभार मानायला आल्यात असंच वाटलं यांना.

“मी. मीच केले.”

“छान आहेत,” मावशी म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द जरा फसफसत होते, पण आवाज शांत होता. “टीव्हीवरच्या बाईसारखे आहेत. फक्त माझ्या नवऱ्याला मी ओळखू येत नाही.”

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, गेली दोन वर्षं विसर पडत चालला होता. आधी वार विसरले, मग घराचा जिना, मग पोटची मुलं. बायकोला मात्र विसरले नव्हते. नवी कवळी घालून मावशी पहिल्यांदा समोर गेल्या आणि काकांनी विचारलं, “तुम्ही कोण? माझी बायको कुठंय?” त्या दिवसापासून काका मावशींच्या हातचा घास घेत नाहीत. परकी बाई काय घालेल याचा नेम काय, म्हणतात. शेजारीण कामावर जाण्याआधी चार चमचे भरवते, तेवढंच. अंगावरचे कपडे ढगळ झाले. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“आणि कवळी काढून ठेवली तर?” मी विचारलं.

“बोळक्या तोंडाची बाई तर त्यांनी कधीच बघितली नाही.”

हे उभेच होते. “मावशी,” म्हणाले, “मी तुमच्यासाठी प्रार्थना केली होती. मनापासून केली होती.”

मावशींनी यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच तर लागलं.

“देवाला विचारत बसलात होय? मला विचारायचं होतंत की.”

यांनी टेबलावरची कवळी उचलून हातात घेतली. शेवटी म्हणाले, “नवीन करून देतो. तो आधीचा जबडा आहे ना, त्यावरून हुबेहूब,” आणि फळीकडे वळले.

 मागच्याच आठवड्यात मला आवरायची लहर आली होती. जुन्या जबड्यांचं तीन पोती प्लास्टर मी कचऱ्यात दिलं होतं.

“शोधू नका,” मी म्हटलं. “नाहीये तो. मी टाकला.” आणि लाज वाटली की मी भांडायला उठते, तशी वर आणखी म्हणाले, “किती जबडे साठवायचे माणसानं? घर आहे की कबरस्तान?”  मावशींनी रुमालाची घडी घातली.

फोटो मागितले तर सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले. लग्नाच्या फोटोतसुद्धा. “मला लाज वाटायची त्या दाताची,” मावशी म्हणाल्या. “आरशातही मी तोंड उघडून बघायची नाही. कसा होता म्हणून मला काय विचारता? तेच बघायचे. त्यांनाच माहीत.”

डॉक्टरांनी त्याच दिवशी नवा ठसा घेतला. वर बोलूनही घेतलं, की लोक सरळ दातांसाठी रांगा लावतात आणि तुम्हाला वाकडे हवेत. हे मेण घेऊन बसले. पहिल्यांदा दात जरा चढवला. मावशींनी आरशात बघितलं. “असेल,” म्हणाल्या. दुसऱ्यांदा जास्त चढवला. “नसेल. कळत नाही हो.” घरी तीच मेणातली कवळी घालून गेल्या, तर काकांनी तोंड फिरवलं.

आणि आमच्या घरात काय? हे हात धुवायचे, जबडा तळहातावर घ्यायचे, वर दुसरा हात न्यायचे आणि मध्येच थांबायचे. जबडा परत टेबलावर.

“मला शांती मिळाली होती,” म्हणाले एकदा. “ते खोटं नव्हतं गं. अगदी आतून मिळाली होती. आणि मी त्या माणसाच्या तोंडचा घास काढला. मग ती शांती कोणाकडून आली होती? आणि ती जर माझी मलाच वाटलेली होती, तर आधीच्या सगळ्या?”

 इतकी वर्षं ज्या गोष्टीची मी टिंगल केली तीच ढासळायला लागली तर माझ्याच पायाखालची जमीन सरकली. हा माणूस निवांत आहे म्हणून मी चिडायला मोकळी होते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी त्यांना पाळकसाहेबांकडे धाडलं. परत आले तेव्हा विचारलं, काय म्हणाले?

“प्रार्थना करा म्हणाले.”

“अहो, पण तिथेच तर घोडं अडलंय!”

शुक्रवारी शेजारणीच्या हातूनही काकांनी दोनच चमचे घेतल्याचं मावशींनी फोनवर सांगितलं. दवाखान्याचा सोमवार ठरला होता. मी फोन ठेवला. हे पातेल्याकडे बघत बसले होते, नुसते, ठोंब्यासारखे. माझं डोकं फिरलं.

“उठा,” मी म्हटलं. “ज्याला माहीत आहे त्याला जाऊन विचारा. देवाला नको, मावशींना नको, त्या म्हाताऱ्याला विचारा. मेण घ्या, दात घ्या आणि चला.”

“अगं, त्यांना काही आठवत नाही.”

“मग तुम्हाला तरी सध्या काय कळतंय? दोघं मिळून बसा.”

तिसरा मजला, अरुंद जिना. दार मावशींनी उघडलं आणि आत येऊन भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या, पाहुण्यासारख्या. स्वतःच्या घरात! काका खिडकीपाशी खुर्चीत. गालांची हाडं वर आलेली, पण केस नीट विंचरलेले. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात होते, मावशींनी सांगितलं होतं. लोकांच्या नाकाकानावर चष्मे बसवून द्यायचे.

हे समोर बसले. काकांनी यांच्या हातातल्या जबड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. यांच्या चष्म्याकडे बघितलं, तो सरळ काढून घेतला, एक काडी अंगठ्यानं दाबून जराशी वाकवली आणि परत नाकावर चढवला.

“डावा कान खाली आहे तुमचा. दुकानदारानं सरळ दिला, असं चालत नाही.”

यांनी चष्मा चाचपला. मग जबडा काकांच्या हातात दिला. मेण हाताच्या उबेनं मऊ होतं. काकांनी तो उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला. कितीतरी वेळ बघत राहिले. 

“हे चुकलंय,” म्हणाले.

“कसं पाहिजे?” यांनी विचारलं.

काकांनी अंगठा त्या दातावर ठेवला. दाबला. थोडा आत, मग कडेनं वर, मग किंचित फिरवला. लांब धरून बघितलं, परत एक केसभर. चाळीस वर्षं काड्या वाकवल्या तसंच, अगदी बेतानं.

“असा. शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असतो हा.”

“कोणाचा दात आहे काका?”

“बायकोचा, आणखी कोणाचा? कामावर गेलीय. येईल एवढ्यात.”

मावशी चार हातांवर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले होते. मग मी त्यांच्याकडे परत बघितलं नाही.

जिना उतरताना मी यांना हळूच विचारलं, “प्रार्थना केलीत का मघाशी?”

हे पायरीवर थांबले. “नाही गं. सुचलंच नाही. त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो.” मग दोन पायऱ्या उतरून म्हणाले, “की तीच होती? काही कळत नाही बघ.”

शनिवारी मी ते मेण उकळून काढलं तेव्हा सारखी त्या दाताकडेच बघत होते. दात जरा हलला असता तर पुन्हा विचारणार कोणाला? हलला नाही. संध्याकाळी घासायला घेतलं आणि त्या वाकड्या दाताच्या खाचेत मशीन जाईना, म्हणून तेवढा भाग मी हातानं, कापडाच्या चिंधीनं घासला. रविवारी उपासनेला न जाता आम्ही दोघं मावशींकडे गेलो.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कवळी घातली. वाटीत दुधात कुस्करलेला पाव घेतला, चमचा घेतला आणि बाहेर गेल्या. आम्ही दारातच उभे राहिलो. मावशी काकांसमोर बसल्या. काका बघतायत. मावशींचे ओठ घट्ट मिटलेले. अहो, एकाहत्तर वर्षांची सवय! म्हाताऱ्याला दात दिसणार कसा?

“हसा ना मावशी!” मी ओरडलेच.

त्या दचकून हसल्या आणि त्याच क्षणी त्यांचा हात तोंडावर गेला.

“हात नको,” हे म्हणाले.  “मावशी, हात नका ठेवू.”

हात खाली आला. तो फार सावकाश खाली आला. काका पुढे झुकले, एक डोळा बारीक केला.

“आलीस?” म्हणाले. “किती उशीर केलास. मी जेवायचा थांबलोय.”

आणि तोंड उघडलं.

सोमवारचा दवाखाना टळला. सगळं काही ठीक झालं असं नाही. मावशींचा फोन येतो. काही दिवस ओळखतात, काही दिवस नाही. ओळखलं की वाटी संपते, नाही ओळखलं तर शेजारीण. परवा सलग तीन दिवस ओळखलं नाही आणि चौथ्या दिवशी कामावरून लवकर कशी आलीस म्हणून विचारलं. पुढे काय, ते आम्हाला माहीत नाही.

हे पुन्हा जबड्यावर हात ठेवायला लागलेत, पण पूर्वीसारखं नाही. थोडा वेळ ठेवतात. शांतीची वाट बघत नाहीत. नंतर डॉक्टरांना फोन लावून विचारतात, हे माणूस हसतं कसं, याला रोज समोरून कोण बघतं? डॉक्टर वैतागलेत. ती शांती येते का आता, म्हणून मी एकदा विचारलं. “येते कधी कधी,” म्हणाले, “काम झाल्यावर. पण तिच्यावर मी आता दात बसवत नाही.” असं काहीतरी बोलतात आणि मला त्यातलं निम्मं कळतं.

एक गोष्ट मात्र मी यांना अजून सांगितलेली नाही. त्या रविवारी दारात उभी असताना, मावशींचा हात खाली येत होता तेव्हा, मी पुटपुटत होते. “बघ रे, नीट बघ तिच्याकडे. एकदा नीट बघ.” पुन्हा पुन्हा, दात ओठ खाऊन. गाणी म्हणताना, उपदेश ऐकताना मी असं कधी बोललेली नाही. आणि ते मी त्या म्हाताऱ्याला म्हणत होते की देवाला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.